‘कॉपीच ना ती?’

वास्तुशांत आटोपलेली असते. पंगती उठतात, हातावर बडीशेप पडते आणि एखादा पाहुणा दिवाणखान्यातल्या मोठ्या चित्रासमोर रेंगाळतो. चित्र राजा रविवर्म्याच्या सरस्वतीचं आहे. खडकावर बसलेली देवी, हातांत वीणा, बाजूला मोर. पाहुणा नाक लागेल इतका जवळ जातो, रंगाचा उंचवटा बघतो आणि यजमानांकडे वळून विचारतो, “हाताने काढलेलं दिसतंय. पण म्हणजे कॉपीच ना ती?” यजमान उगाचच ओशाळतात. “हो, म्हणजे एका आर्टिस्टकडून करून घेतली,” असं काहीतरी पुटपुटतात आणि कॉफीचं बघायला आत जातात.

त्याच घरात दहा पावलांवर देवघर आहे. तिथे यजमानीणबाईंनी माहेराहून आणलेली पितळी अन्नपूर्णा आहे, रांगणारा बाळकृष्ण आहे. एकाच साच्यातून अशा कितीतरी अन्नपूर्णा नि बाळकृष्ण ओतले गेले असतील. भाद्रपदात याच दिवाणखान्यात पेणच्या कारखान्यातला गणपती बसेल, तोही साच्यातून निघालेला. त्याच्यापुढे हात जोडताना पाहुण्याच्या तोंडून ‘कॉपीच ना?’ निघणार नाही. मग भिंतीवरच्या सरस्वतीनेच त्याचं काय घोडं मारलंय?

हा पाहुणा एकटा नाही. कलेबद्दल चार पुस्तकं वाचलेल्या मंडळींत देवादिकांच्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृतींविषयी एक ठरीव तुच्छता आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नकलेत प्राण नसतो. नक्कलच हवी असेल तर छापील प्रत जास्त हुबेहूब आणि कितीतरी स्वस्त मिळते, तेव्हा हाताने करून घेणं हा निव्वळ मिरवण्याचा सोस. शिवाय दुसऱ्याचं चित्र काढून विकणं म्हणजे चोरीच. आणि अशा नकला घेणारे लोक नव्या चित्रकारांच्या पोटावर पाय देतात. यातला एक आक्षेप अर्धा खरा आहे. बाकीचे तपासले की हातात फारसं काही उरत नाही.

प्राणाची गोष्ट आधी. चित्र हे एका कलावंताच्या अंतरंगाचा उद्गार असतं आणि तो एकदाच निघतो, ही कल्पना युरोपातल्या आधुनिक कलाविचारातून आपल्याकडे आली. ती वाईट नाही. पण देवाच्या चित्राला ती लावणं म्हणजे कापड मोजायला तराजू घेऊन बसणं. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र कोणत्या मूर्तीचं प्रमाण काय, डोळे कसे, मुद्रा कोणती हे ठरवून देतं. चित्रकाराने स्वतःचं काही नवीन सांगावं अशी अपेक्षा तिथे नाही. ठरलेलं रूप चुकू नये, ही अपेक्षा आहे. आणि प्राण म्हणाल तर आपल्याकडे त्याचा स्वतंत्र विधी आहे. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्ती पहिल्यांदाच घडलेली आहे की पाचशेवी, हे कुणी गुरुजी विचारत नाहीत.

पुरीला तर याच्याही पुढची गोष्ट घडते. ज्येष्ठ पौर्णिमेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांचं स्नान होतं. एवढ्या पाण्याने देवांना ताप येतो अशी श्रद्धा, म्हणून पुढचा पंधरवडा त्यांचं दर्शन बंद. त्या दिवसांत मंदिरात पूजा होते ती कापडावर रंगवलेल्या तीन पटांची. त्यांना अणसर पटी म्हणतात. चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी लावून कडक केलेल्या कापडावर चित्रकार घराणी हे पट दर वर्षी नव्याने रंगवतात, अर्थात ठरलेल्या नमुन्याबरहुकूम. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या देवस्थानांपैकी एकात वर्षातले पंधरा दिवस साक्षात देवाच्या जागी हाताने केलेली चित्रं बसतात. यात्रेकरू घरी नेतात त्या लहान चित्रांना जात्री पटी असं नावच आहे. पुरीहून परतलेल्या माणसाला शेजारी विचारत नाही की मूळ पट कुठे आहे.

ख्रिस्ती जगातही वेगळं नाही आणि तिथल्या एका नकलेचा प्रवास थेट गोव्यातून गेलेला आहे. रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये मेरी आणि बाल येशूचं एक प्राचीन चित्र आहे. ते संत लूक याने स्वतः काढलं अशी परंपरा सांगते. १५६९मध्ये जेझुइट पंथाचे प्रमुख फ्रान्सिस बोर्जा यांनी पोपकडून त्याची नक्कल करून घ्यायची परवानगी मिळवली आणि त्या नकलेवरून आणखी नकला निघून जगभरच्या मिशनांना गेल्या. १५७९च्या अखेरीस गोव्याहून निघालेली जेझुइट मंडळी फेब्रुवारी १५८०मध्ये अकबराच्या फतेहपूर सिक्रीला पोहोचली. त्यांच्या सामानात या चित्राची एक प्रत होती. बादशहाने तिच्यापुढे आदर व्यक्त केल्याचं त्या मंडळींनी लिहून ठेवलं आहे. मुघल चित्रशाळेत लवकरच ख्रिस्ती चित्रांच्या नकला होऊ लागल्या. नकलेच्या नकलेने दिल्लीश्वराला थांबायला लावलं, आणि दिवाणखान्यातल्या पाहुण्याला मात्र तिच्यात प्राण सापडत नाही.

रशियात तर नक्कल करणं हा धर्मसभेचा हुकूमच होता. १५५१मध्ये मॉस्कोला भरलेल्या स्तोग्लाव या सभेने चित्रकारांना बजावलं की ग्रीक चित्रकारांनी आणि आंद्रेई रुब्लेव्हने जसं काढलं तसंच काढा, मनाचं घालू नका. रुब्लेव्हचं ‘त्रिमूर्ती’ हे पंधराव्या शतकातलं चित्र जगातल्या श्रेष्ठ चित्रांत गणलं जातं. या चित्राच्या हाताने रंगवलेल्या प्रती आजही घरोघरीच्या कोपऱ्यात, दिव्यामागे टांगलेल्या असतात. त्या प्रतींमुळे रुब्लेव्ह लहान झाला असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आता छापील प्रतीचा युक्तिवाद. तो वरवर बिनतोड दिसतो, कारण आपल्याकडे देव घरोघर गेले ते छापखान्यातूनच. १८७८मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली, तिथून देवादिकांची रंगीत चित्रं बाहेर पडू लागली. रविवर्म्याला आपली चित्रं छापून सर्वदूर पोहोचवण्याचा सल्ला दिला तो टी. माधवराव यांनी. हे त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण, मूळचे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. १८९४मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी तिथे काम करत होते. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांचे जे चेहरे आज मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर येतात, ते मळवलीच्या दगडांवरून उतरलेले आहेत.

इथे ‘दगड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रविवर्म्याच्या छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. ती आजच्यासारखी फोटो काढून, बटण दाबून होत नव्हती. मूळ तैलचित्र समोर ठेवून छापखान्यातले कसबी कारागीर ते चुनखडीच्या गुळगुळीत दगडांवर हाताने उतरवत. एका चित्राला अनेक दगड लागत, कारण प्रत्येक रंगछटेला वेगळा दगड. गालावरची सावली कुठे संपते, शालूचा तांबडा कुठे गडद होतो, हे तो कारागीर मेणकट खडूने ठिपका ठिपका टाकून ठरवत असे. मग एकावर एक ठसे घेऊन वर वॉर्निश चढवायचं, शक्य तर कॅनव्हासचा पोत उठवायचा, म्हणजे कागद तैलचित्रासारखा दिसे. ‘अस्सल रविवर्मा प्रिंट’ म्हणून आज जुन्या बाजारात जी चढ्या भावाने विकली जाते, ती मुळात हाताने केलेली नक्कल आहे. फक्त ती हाताने एकदा केली आणि यंत्राने अनेकदा छापली.

त्या छापील चित्रांचं पुढे काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. घरातल्या बायका त्यांवर जर, टिकल्या, मणी लावत. कापडाचे बारीक तुकडे कापून देवीला खरोखरची साडी नेसवत. अशी सजवलेली रविवर्मा चित्रं आज संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत आहेत. छापील प्रत पुरेशी होती तर ही सुईदोऱ्याची उठाठेव कुणी केली असती? यंत्राने सपाट केलेल्या देवीला घरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने पुन्हा उठाव दिला.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताचा १९३०च्या दशकातला प्रसिद्ध निबंध या वादात हमखास पुढे केला जातो. यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीचं वलय झिजतं, असा त्याचा रोख. पण निबंधाचा विषय यंत्र आहे. हाताने केलेल्या नकलेपुढे मूळ चित्राचा अधिकार शाबूत राहतो, हेही तिथेच म्हटलेलं आहे. तेव्हा या निबंधाच्या आधाराने हाताने केलेल्या प्रतिकृतीला झोडपणं म्हणजे साक्षीदार प्रतिपक्षाचा असताना त्यालाच आपला म्हणून उभा करणं. आणि मळवलीच्या छापील लक्ष्मीला घरोघर हळदकुंकू वाहिलं गेलं, तेव्हा यंत्रानेही वलय पुरतं झिजवलं असं म्हणायची सोय राहत नाही.

छापील प्रत जास्त हुबेहूब असते, हे विधान काही चित्रांबाबत तर सरळ चूक आहे. तंजावरची चित्रं घ्या. १६७६पासून १८५५पर्यंत तिथे भोसल्यांचं मराठी राज्य होतं आणि दुसऱ्या सरफोजीच्या काळात या चित्रांना मोठा आश्रय मिळाला. तमिळमध्ये त्यांना ‘पलगै पडम्’ म्हणतात, म्हणजे फळीवरचं चित्र. फणसाच्या लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावर खळीने कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि सरस यांचा थर देऊन घोटून गुळगुळीत करायचं. मग खाक्यावरून आकृती उतरवायची. दागिने, मखर, खांब, पडदे यांच्या जागी त्याच लुकणाचा जाडसर लेप देऊन उठाव आणायचा, त्यात काचेचे खडे बसवायचे आणि वर सोन्याचा वर्ख चढवायचा. रंग त्यानंतर येतात. लोण्याचा गोळा हातात धरलेला गुबगुबीत कृष्ण हा या शैलीतला सर्वांत लाडका विषय. तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच खाक्यावरून निघत आला आहे.

हे चित्र समईच्या उजेडासाठी केलेलं आहे. ज्योत हलली की मखराच्या उठावावरचं सोनं एका बाजूने उजळतं आणि दुसऱ्या बाजूने विझतं, कृष्णाचा गाल मात्र तसाच शांत राहतो. आता याच चित्राचा उत्तम कॅमेऱ्याने फोटो घेऊन महागड्या कागदावर छापा. सोन्याच्या जागी पिवळट तपकिरी डाग येतो. समई लावा किंवा ट्यूबलाइट, तो डाग हलत नाही. तंजावरच्या चित्राची छापील प्रत ही त्या चित्राची माहिती असते. चित्र घरी आणायचं असेल तर पुन्हा फळी, सरस आणि वर्ख यांच्याच वाटेने जावं लागतं.

तैलचित्रांचंही तेच, फक्त फरक बारीक आहे. सरस्वतीची प्रतिकृती करणारा चित्रकार कॅनव्हासवर चौकटी आखून रेखाटन उतरवतो, एकरंगी थरात उजेड आणि सावली बसवून घेतो आणि मग रंगाला हात घालतो. देवीचा चेहरा त्याला फारसा घाबरवत नाही, तो पाठ झालेला असतो. घाम फोडतात ते हात. चार हात, त्यांतले दोन वीणेवर. तारेवर टेकलेल्या बोटाच्या पेराला किती बाक आहे, यावर ती वाजवते आहे की वीणा नुसती धरून बसली आहे हे ठरतं. बोट अर्ध्या सुताने चुकलं तरी संगीत बंद पडतं. जवसाच्या तेलातला रंग सावकाश वाळतो, म्हणून एका थरानंतर दुसरा द्यायला दिवस थांबावं लागतं, जाड रंगाला आठवडे. या थांबण्यात चित्रकार शंभरदा त्या बोटाकडे बघतो. यंत्र एकदाच बघतं आणि सगळीकडे सारखंच बघतं.

यावर कुणी म्हणेल, मग मूळ चित्रच का घेऊ नये? हौसेला मोल नसतं हे खरं, पण इथे मोल आहे आणि ते आकड्यात सांगता येतं. २०२३मध्ये मुंबईच्या एका लिलावात रविवर्म्याचं यशोदा आणि कृष्णाचं चित्र ३८ कोटी रुपयांना गेलं. रविवर्म्याची चित्रं १९७९पासून राष्ट्रीय कलानिधी मानली गेली आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यासाठी करून घेतलेली पौराणिक चित्रं संग्रहालयात जाऊनच बघायची. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी कुटुंबाला तर ‘मूळ की नक्कल’ हा पर्यायच समोर नसतो. त्यांच्यापुढे निवड असते ती छापील प्रत आणि हाताने केलेली प्रत यांच्यातली. छापील प्रत शंभर ठिकाणी मिळेल. हाताने केलेली घ्यायची तर कुणातरी जिवंत माणसाला काम द्यावं लागतं.

चोरीचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. अर्धा खरा म्हटला तो हाच.

कायद्याचा हिशेब सरळ आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याच्या चित्रावर हक्क राहतो. रविवर्मा १९०६मध्ये गेला, त्याची सरस्वती आता सगळ्यांची आहे. तंजावरचा लोणीचोर कृष्ण, पुरीचा पट, नाथद्वाऱ्याची श्रीनाथजींची पिछवाई, पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी ही परंपरेची चित्रं, त्यांत एका माणसाची मालकी शोधणं व्यर्थ. पण रघुवीर मुळगावकर १९७६मध्ये गेले, त्यांच्या देवदेवतांवरचा हक्क २०३६च्या अखेरीपर्यंत आहे. एस. एम. पंडित १९९३मध्ये गेले, त्यांचा हक्क २०५३पर्यंत. या दोघांच्या चित्रांच्या प्रती विनापरवाना रंगवून सर्रास विकल्या जातात. त्याला चोरी म्हणायला हरकत नाही. ‘देवाचं चित्र आहे, देवावर कुणाचा हक्क?’ हा दुकानदारी युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण देवावर हक्क नसला तरी मुळगावकरांच्या ब्रशवर मुळगावकरांचा होता.

त्याहून मोठी चोरी नावाची होते. हातात समई घेतलेल्या, बोटांच्या फटींतून उजेड झिरपणाऱ्या तरुणीचं चित्र ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. ते देवतेचं चित्र नव्हे, तरी दिवाळी आली की देवांच्या चित्रांच्या बरोबरीने विकलं जातं. ते सावंतवाडीकडच्या सा. ल. हळदणकरांनी १९४०च्या दशकात आपल्या मुलीला समोर उभं करून जलरंगात काढलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पण बाजारात ते बिनदिक्कत ‘रविवर्मा’ म्हणून विकलं जातं, कारण ते नाव खपतं. हळदणकर १९६८मध्ये गेले, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने त्यांचा हक्क अजून संपलेला नाही. इथे प्रत काढली गेली यापेक्षा ती काढताना हळदणकरांचं नाव पुसलं गेलं, हे अधिक वाईट.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे आणि त्याचा तोटा खऱ्या प्रतिकृतिकारांनाच होतो. कॅनव्हासवर चित्र यंत्राने छापायचं, वर पारदर्शक जेलचे चार फटकारे मारायचे आणि ‘हॅण्डपेंटेड’ म्हणून विकायचं. ओळखायला कलासमीक्षक लागत नाही. घड्याळजीकडे असतं तसलं भिंग घ्यावं. छापील रंगात बारीक ठिपक्यांचा भुगा दिसतो, तो हाताच्या रंगात नसतो. मग चित्र खिडकीशी तिरकं धरावं. खऱ्या फटकाऱ्यात उंचवटा आणि रंग बरोबर चालतात, शालूच्या चुणीबरोबर ब्रशही वळतो. जेलचे ओरखडे मात्र स्वतःच्याच नादात असतात, खाली मोराची मान आहे की खडक याची त्यांना खबर नसते. तंजावरच्या बनावट चित्रात वर्खाच्या जागी सोनेरी कागद चिकटवलेला असतो. आणि चार दिवसांत वाळवून, वॉर्निश करून घरपोच आलेलं ‘ऑइल पेंटिंग’ बहुधा ऑइलचं नसतं.

विकणाऱ्यांची दुसरी एक थाप इथेच उडवलेली बरी. हाताने रंगवलेल्या देवाच्या चित्रात जास्त ऊर्जा असते, ते अमुक दिशेला लावलं की लाभ होतो, छापील चित्र त्या मानाने निष्फळ, असं हल्ली सांगितलं जातं. आजीच्या देव्हाऱ्यात कॅलेंडरातून कापून काढलेला विठोबा होता. तिने त्याला रोज तुळस वाहिली. तिची भक्ती कागदाच्या जाडीवरून मोजायला निघालेल्याने आधी देवपूजा म्हणजे काय ते शिकून यावं. हाताच्या प्रतीची बाजू घ्यायची ती कामाच्या गुणावर घ्यावी, पुण्याच्या भावफलकावर नव्हे.

राहता राहिला नव्या चित्रकारांच्या पोटाचा प्रश्न. इतिहास इथे आक्षेप घेणाऱ्यांच्या उलट बोलतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून पुढची बारा-तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या नकला करून घेत. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार त्या कामात तयार झाला. त्याआधी रॉबर्ट गिल याने केलेल्या नकलांतल्या बऱ्याच १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या आणि ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक नकला १८८५च्या आगीत. ज्या वाचल्या त्या आज मोलाच्या आहेत, कारण लेण्यांच्या भिंतींवरचे काही भाग त्यानंतर झडले आणि ते कसे होते हे या नकलाच सांगतात. नक्कल करणाऱ्या मुलांचा हात बसला, आणि शिवाय बोधिसत्त्वाचा झडलेला खांदा कॅनव्हासवर राहिला.

हाताने चित्र काढणाऱ्यांचं पोट कुणी मारलं, हे पाहायचं तर कोलकात्याच्या कालीघाटाकडे बघावं. देवळाबाहेर बसून पटुआ कालीची, दुर्गेची चित्रं झपाट्याने रंगवत आणि यात्रेकरूंना विकत. तीच तीच चित्रं, ब्रशच्या दोन-चार सराईत वळणांत. आज जगभरची संग्रहालयं ती मांडून ठेवतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा धंदा बसला तो स्वस्त छापील चित्रांमुळे. हाताने नक्कल करणाऱ्यांना हटवून नवी प्रतिभा पुढे आली, असं काही झालं नाही. हात गेले आणि त्यांच्या जागी छापील कागद आला.

चीनमधल्या शेन्झेनजवळच्या दाफेन गावाचं उदाहरण आक्षेप घेणारे देतात आणि ते द्यावंच. १९८९नंतर तिथे युरोपीय चित्रांच्या हाताने केलेल्या नकलांचा मोठा उद्योग उभा राहिला. एक माणूस नुसतं आकाश रंगवतो, दुसरा नुसती झाडं, असंही काम तिथे चाललं. आपल्याकडेही देवाच्या चित्रांचं असं होऊ शकतं, काही ठिकाणी होतही असेल. पण ही तक्रार मजुरीची आहे, कामाच्या पद्धतीची आहे. तिचं उत्तर म्हणजे चांगल्या कामाला पुरेसे पैसे, पुरेसा वेळ आणि कामावर नाव. घरासाठी सरस्वती हवी असलेलं गिऱ्हाईक तुच्छतेने पळवून लावलं, तर ते उद्या एखाद्या तरुण चित्रकाराचं अमूर्त चित्र घेईल अशी आशा कुणी बाळगू नये. ते सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडून छापील सरस्वती आणेल.

देवाच्या घरगुती चित्रांना नाक मुरडण्याची रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनंद कुमारस्वामींसारख्या जाणकारांना खुद्द रविवर्मा नाटकी आणि उथळ वाटत होता. त्याच चित्रांना पुढे ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून हिणवलं गेलं. त्याच रविवर्म्याला आता कोटींची बोली लागते आणि हिणवण्याचा मान त्याची प्रत रंगवणाऱ्याकडे आला आहे. दिवाणखान्यातल्या पाहुण्याला हे सगळं ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने प्रश्न तेवढा बदलावा. ‘कॉपीच ना?’ याऐवजी ‘कुणी केली?’ असं विचारावं. आणि ओशाळायचंच असेल तर यजमानांनी त्या प्रश्नाला ओशाळावं. कारण खिळ्यावरून सरस्वती उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली, तर मागे कोरा कॅनव्हास दिसतो, लाकडी चौकट दिसते आणि खालच्या कोपऱ्यात फ्रेमवाल्याचा स्टिकर. त्यावर दुकानाचा पत्ता आहे, दोन फोन नंबर आहेत. ज्याने देवीचं बोट तारेवर नेमकं टेकवलं, त्याचं नाव ना पुढे आहे ना मागे.